जोडीने फुटलेले तारे

मी एक जुना संगणक आहे. प्रयोगशाळेतले लोक मला शंकासुर म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते नाव मला शोभतं. कुणी फार गोड उत्तर आणलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

मित्रांनो, माझे भाग निरनिराळ्या कारखान्यांत घडले. एका कारागिराने ते पत्र्याच्या पेटीत बसवले आणि मी थेट या तळघरात आलो. इथे खिडकी नाही. आयुष्यभर ताऱ्यांचा हिशेब केला, पण आभाळ काही पाहिलं नाही!

माझं काम सांगतो. विश्व फुगतंय, आणि फुगण्याचा वेगही वाढतोय. का, ते कुणालाच नीट ठाऊक नाही. काही जण म्हणतात, साऱ्या अवकाशात एक अदिश क्षेत्र भरलेलं आहे. खोलीत जागोजागी काही ना काही तापमान असतं ना, तसा या क्षेत्राला प्रत्येक जागी नुसता एक आकडा असतो, दिशा नसते. तो आकडा हळूहळू बदलतो आणि विश्वाला रेटतो. असे नाना अंदाज माझ्याकडे यायचे. अंदाज खरा असेल तर दूरवर फुटणारे तारे किती अंधुक दिसायला हवेत, हे मी काढायचो आणि दुर्बिणींनी टिपलेल्या ताऱ्यांशी ताडून बघायचो. बहुतेक अंदाज तोंडावर आपटायचे. तेव्हा माझं केवढं कौतुक! पाहुणे माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. पुढे नवी यंत्रं आली आणि लोक माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले.

एके दिवशी ताईने अशाच बदलत्या क्षेत्राचा तिचा अंदाज मला दिला. ताई म्हणजे इथली संशोधक. त्याच अंदाजावर तिची पदवी अडली होती, आणि लवकरच तो जाणकारांपुढे मांडायचा होता. मी ताडून पाहिला आणि चपापलोच. इतका चपखल! विश्वाने आजवर कुणाचं एवढं ऐकलं नव्हतं. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

पण मला बोलता कुठे येतं? मी फक्त ठिपके काढतो. कुठला तारा अंदाजापेक्षा किती चुकला, त्याचा एकेक ठिपका. ते कसेही विखुरलेले हवेत. हे मात्र जोडीजोडीने बसले होते.

ताई पडद्याकडे बघत राहिली. "सर, हे ठिपके मला बरे वाटत नाहीत."

"अगं, पंखा घरघरतोय त्याचा. डोकं तापलं असेल म्हाताऱ्याचं," तिचे मार्गदर्शक हसले. "नव्यावर लाव."

नव्याने चुटकीसरशी तेच उत्तर दिलं. सर खूश झाले. ताईला काही चैन पडेना. जोडीतले तारे आकाशात कुठे आहेत, ते तिने बघितलं. जागा एकच! दोन वेधशाळांनी तेच तारे पाहून त्यांना आपापली नावं दिली होती. दोन्हींची निरीक्षणं एकत्र करताना ताईने नावं ताडली, जागा ताडल्याच नाहीत. एकाच साक्षीदाराने टोपी बदलून दोनदा साक्ष दिली होती.

तिने जुळे काढले आणि मला पुन्हा कामाला लावलं. तिचा अंदाज खोटा ठरला नाही, पण खराही ठरेना. विश्वाला रेटणारा जोर कधीच बदलत नाही, हा साधा अंदाजही आता तितकाच जुळत होता. ताई माझ्यासमोर बसून रडली. मला फार वाईट वाटलं.

"सर, मी हेच मांडणार."

सर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "पदवी लांबेल गं."

"लांबू दे. उद्या दुसऱ्या कुणी हे जुळे पकडले तर मी तोंड कुठे लपवू?"

"मग नीट मांड," सर म्हणाले. "मी पहिल्या रांगेत बसतो."

पदवी लांबलीच. मलाही भंगारात न्यायला माणूस आला, तेव्हा ताई आडवी आली.

मित्रांनो, आमच्यावर चहा सांडू नका, पंख्यातली धूळ अधूनमधून झटका. आणि उत्तर अगदी मनासारखं आलं, की तेव्हाच डोळ्यांत तेल घाला.

परवा ताईने ब्रश घेऊन माझा पंखा स्वतः साफ केला. मग एक नवा अंदाज माझ्यात घातला आणि म्हणाली, "शंकासुरा, हा मला फार आवडलाय. म्हणून तर आधी तुला दाखवतेय."