वावरातलं यंत्र

माणूस निवृत्त झाला की भाजी आणायला लागतो, नातवंडांना बागेत नेतो, नाहीतर राजकारणावर बोलून शेजाऱ्यांचं डोकं खातो. आमच्या धम्मानंदांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी माझं बाथरूम घेतलं.

जन्मभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळलेला माणूस, त्याला घरात बाटल्यांशिवाय करमेना. त्यातच नागपूरच्या धरमपेठेतला एक जुना स्टुडिओ बंद झाला आणि तिथला लाकडी कॅमेरा यांनी उचलून आणला. कॅमेरा कसला, पेटीच ती. पुढं भिंग, मागं दुधी काच आणि मधे लोहाराकडे असतो तसा काळा भाता. पेटी तिपाईवर ठेवायची, डोक्यावर काळं फडकं घ्यायचं आणि काचेत बघत बसायचं. काचेत सगळं जग उलटं दिसतं. मग मागून फिल्मची चपटी डबी सरकवायची, तिचं झाकण ओढायचं, आणि फोटो. एका फिल्मवर एकच, आणि ती धुवायची माझ्या बाथरूममध्ये. आमची भाची मोनाली एका पावभाजीचे वीस फोटो काढते. इथं वीस वेळा विचार करून एकही निघत नव्हता.

"सरिता, मले एकच फोटो पाहिजे," हे म्हणायचे. "भिंतीवर लावला तं पान न् पान दिसलं पाहिजे. बस."

कशाचा, तेही ठरलेलं होतं. सावनेरच्या पुढं रस्त्यालगत एक वावर आहे, त्याच्या मधोमध उंचवट्यावर एकटं मोहाचं झाड. बसच्या खिडकीतून दिसलं तेव्हापासून हे त्याच्यासाठी वेडे झाले होते. एवढी ओढ लग्नाआधी मला पाहायला आले तेव्हासुद्धा दिसली नव्हती. "हा फोटो जमला नाही तं कॅमेरा विकून टाकतो," असंही एकदा म्हणाले. मी तोंडानं "जमते हो" म्हटलं. मनात काय म्हटलं ते बाथरूमला माहीत.

मे महिन्यात एका सकाळी आम्ही तिथं गेलो. मी का गेले? कारण तिपाई उचलायला माणूस लागतो. यांनी बांधावर तिपाई रोवली, फडक्यात डोकं घातलं आणि ढग यायची वाट पाहत बसले. नुसतं निळं आभाळ यांना चालत नाही. ढग आला नाही, गाव आलं.

सगळ्यांच्या पुढं वावराचे मालक महादेवराव. पांढरं धोतर, गळ्यात दुपट्टा, आणि चेहऱ्यावर सरकार दारात आल्यावर येतो तो गोडवा. कोळशाच्या ट्रकांसाठी नवा रस्ता निघणार अशी अफवा त्या भागात कधीपासून फिरत होती, हे आम्हाला कोण सांगणार? तिपाई, त्यावर यंत्र आणि यंत्राला डोळा लावलेला चष्मेवाला माणूस. एवढ्यावरून गावाला जे समजायचं ते समजलं.

"साहेब, मोजणी करून राहिले का?" महादेवरावांनी विचारलं.

"नाही हो, फोटो काढून राहिलो. झाडाचा."

महादेवराव समजूतदारपणे हसले. "फोटो मोबाइलवर निघते, साहेब. एवढी मोठी पेटी काहून लागते?"

हा प्रश्न मीही कितीदा विचारला होता. धम्मानंदांनी पुरावा म्हणून त्यांना फडक्यात घेतलं. मग महादेवराव बाहेर आले आणि मागच्या लोकांना म्हणाले, "झाड खाली डोकं वर पाय दिसून राहिलं गा. हे असे उलटे पाहतात, म्हणूनच सरकारचे रस्ते असे होतात."

झालं. मोजणी पक्की झाली. आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, चहा आला, बिस्किटं आली. आमच्या आजेसासऱ्यांना अशा गावात ओट्यावर पाय ठेवू दिला नसता. दीक्षा घेतल्यावर ते गाव सोडून नागपूरला आले ते त्याचसाठी. आणि आज त्यांच्या नातवाला कपबशीतून चहा, तोही काळ्या फडक्याच्या जोरावर. मी दोन बिस्किटं जास्तच खाल्ली.

चहा घेऊन आल्या त्या महादेवरावांच्या बायको, जयवंताबाई. त्या रस्त्याबद्दल काही बोलल्या नाहीत, माझ्याशेजारी बांधावर बसल्या. "लग्न होऊन आली तवापासून चैतात याचे फुलं मीच वेचतो, बाई," त्या झाडाकडं बघत म्हणाल्या. "अंधार असते तवा यावं लागते, नाहीतं गुरं खाऊन टाकते. पोरांचे पाळणे याच फांदीले बांधले होते." मग धम्मानंदांकडं वळून म्हणाल्या, "साहेब, झाडाले काही होणार नाही ना?"

"काही नाही होत, बाई. मी फक्त पाहून राहिलो."

दुपारी कुठूनसा एक ढग आला, अगदी झाडाच्या मागं. यांनी दोन फोटो घेतले. दुसऱ्या वेळी डबीचं झाकण ओढायचंच राहिलं, ते आठवलं बसमध्ये. म्हणजे उरला एक.

तो एक बाथरूममध्ये धुतला गेला. खिडकीवर घोंगडी, दाराखाली टॉवेल. डेव्हलपर माठाच्या पाण्यात कालवून गार केलेला, चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या तबकाखाली बर्फ. तिथवर प्रयोगशाळेची शिस्त. फिल्म हायपोतून निघाली, यांनी ती दार उघडून उजेडात धरली आणि हाक मारली. मी गेले. खरं सांगते, बाथरूमचं भांडण मीसुद्धा विसरले. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, तरी फांदी न् फांदी होती, मागचा ढग होता. हा माणूस इतका आनंदलेला मी आमचा मुलगा प्रशिक जन्मला तेव्हाच पाहिला होता.

आणि त्या आनंदात यांनी फिल्म शेवटची धुवायला नळाखाली धरली.

मे महिना. नागपूर. गच्चीवरची टाकी. आमच्याकडं या दिवसांत गिझर लावत नाहीत, नळ सोडला की चहाचं पाणी येतं. लहान पोरालाही हे माहीत असतं. तापलेल्या दुधावरची साय बोटानं सारावी तसा फिल्मवरचा थर सरकला आणि सुरकुत्या पडून जमला. झाड होतं, पण शंभरीच्या म्हातारीसारखं.

मला बाथरूम परत मिळायची वेळ आली होती, आणि मला वाईटच वाटलं. हे जेवले नाहीत. मीच म्हटलं, "झाड तिथंच आहे ना? पुन्हा जाऊ." मग यांनी त्या खराब फिल्मवरून कागदावर एक छाप काढला. कॅमेरा कुठं रोवला होता, फांदी कुठं येत होती, ते पाहून पुन्हा तसाच फोटो घेता यावा म्हणून. काही दिवसांनी आम्ही तो छाप पिशवीत घालून निघालो.

बसमधून उतरलो आणि हे थांबले. मला वाटलं, जागा चुकली. उंचवटा होता, वावर होतं. मधे काही नव्हतं.

जवळ गेलो. बुंध्यावर महादेवराव पाय सोडून बसले होते. बाजूला फांद्यांचा ढीग. आम्हाला पाहून ते उठले नाहीत. या वेळी खुर्च्या आल्या नाहीत.

"या साहेब," ते म्हणाले. "लावा आता यंत्र. कशावर नेम धरता, तेच पाहतो."

"झाड काहून तोडलं?" धम्मानंदांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"तुम्ही झाडाची खूण धरून लाइन टाकली होती ना? खूणच काढून टाकली. आता रस्ता तिकडून न्या, नाहीतं इकडून न्या, माह्या वावरातून नाही जात." महादेवराव खुशीत होते. "झाड गेलं, वावर वाचलं."

जयवंताबाई ढिगातून काटक्या वेगळ्या करत होत्या. त्या उठून आल्या. "साहेब, येऊन राहिला होता ना रस्ता? इथूनच?" त्यांनी विचारलं.

मी धम्मानंदांच्या पाठीत बोट खुपसलं. हो म्हणा. एका शब्दाचं काम होतं. पण हे दर रविवारी विहारात पंचशील घेतात आणि पोस्टमनलासुद्धा खोटं सांगत नाहीत. असा सरळ माणूस नवरा म्हणून फार त्रासदायक असतो. त्या क्षणी मला तो नकोसा झाला.

"नाही, बाई," हे म्हणाले. "मले रस्त्याचं काही माहीत नाही. मी खरंच फोटोवाला आहे."

महादेवराव खो खो हसले. "वरून हुकूम असन. सांगता येत नसन साहेबले."

जयवंताबाई हसल्या नाहीत. "मंग फोटो कुठी आहे?" त्या म्हणाल्या.

यांनी पिशवीतून छाप काढून दिला. माफी मागायला लागले, पाणी गरम होतं, म्हणून असा सुरकुतला. जयवंताबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी कागद पदरानं पुसला, डोळ्यांजवळ नेला. बोट एका फांदीवर जाऊन थांबलं. फार वेळ थांबलं.

"पाळण्याची," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तो छाप महादेवरावांच्या हातात दिला. "पाहा," एवढंच म्हणाल्या.

महादेवरावांनी पाहिलं. आधी सरळ धरून, मग उलटा करून, मग पुन्हा सरळ. हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. ते बुंध्यावरून उठले, दुपट्ट्यानं बुंधा झटकला आणि बाजूला खाली मातीत जाऊन बसले.