केराच्या टोपलीतली नऊ नावं

मी एक जुनी केराची टोपली आहे. मित्रांनो, क्रांती माझ्या डोळ्यांसमोर घडली. म्हणजे घडायची होती. त्या काळात माझ्यात मुख्यतः पेन्सिलीचा भुसा आणि शेंगांची टरफलं पडत होती.

मी वेताची, वीण घट्ट, तोंड रुंद. माझे मालक (हा शब्द त्यांना मुळीच आवडला नसता) दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन सरकार उलथवायचे. हे दुसरं काम माझ्या शेजारच्या टेबलावर चालायचं. कागद पाठपोट भरल्याशिवाय ते टाकत नसत, त्यामुळे माझी उपासमार व्हायची. पण त्या उपासाला अब्रू होती.

एकदा रंगाच्या कारखान्यातली टाकी फुटून नऊ कामगार गेले. वर्तमानपत्रांनी ‘काही कामगार’ एवढंच छापलं. मालकांनी पत्रक काढलं. त्यात कारखानदाराचं नाव होतं, टाकी गळते हे त्याला आधीच कळवल्याची तारीख होती आणि नऊच्या नऊ नावं होती. सातवं नाव वहिनींच्या, म्हणजे मालकांच्या बायकोच्या, धाकट्या भावाचं. त्या पत्रकापायी मालक चौदा महिने आत होते. पत्रकं जप्त करून जाळली. एकच प्रत उरली, वहिनींच्या शिवणयंत्राच्या खणात.

पुढे मालक वारले आणि लगोलग थोर झाले. त्यांचं समग्र लेखन छापायला समिती बसली. अध्यक्ष एक निवृत्त शिक्षणाधिकारी. आश्रयदाते त्याच कारखानदाराचे चिरंजीव. बैठका आमच्याच खोलीत. मित्रांनो, माझ्यात केळीची सालं कुजली आहेत, एकदा आजारी मांजर ओकलं आहे. शिसारी मात्र मला पहिल्यांदा त्या बैठकांत आली.

“‘रक्तपिपासू’ नको,” अध्यक्ष लाल पेन्सिल नाचवत म्हणायचे, “‘काहीसे कठोर’ करा. आणि हा लेख अख्खाच काढा, फार ओरडतोय.” जन्मभर अर्धपोटी राहिलेली मी आठवड्यातून दोनदा ओसंडून वाहू लागले.

शेवटी वहिनींनी ते पत्रक आणून पुढ्यात ठेवलं.

“ही तर नुसती यादी आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“नावं आहेत ती. सातवा माझा भाऊ.”

“वहिनी, भावना कळतात हो आम्हाला. पण हा ग्रंथ आहे, हजेरीपट नव्हे.”

“मग त्यांची हजेरी कुठं लावायची?”

“चहा बिनसाखरेचा मिळेल का जरा?” असं म्हणत अध्यक्षांनी कागदावर फुली मारली आणि तो माझ्यात टाकला. वर सिगारेटचं एक ओलं थोटूक.

वहिनींनी चहा आणला. साखर चांगली दोन चमचे होती.

मंडळी गेल्यावर त्यांनी माझ्यात हात घातला, राख झटकली, कागद मांडीवर सरळ केला. खोडलेला मजकूर तसाच ठेवायचा असेल तर मुद्रिततपासनीस ओळीखाली टिंबं देतो, हे तीस वर्षांच्या संसारात त्यांना पाठ झालं होतं. टेबलावर राहिलेल्या लाल पेन्सिलीनंच त्यांनी ओळ न् ओळ टिंबांनी भरली. सातव्या नावाखाली हात इतका जड पडला की कागदाला भोकं पडली. मग तो कागद त्यांनी छापायला जाणाऱ्या गठ्ठ्याच्या मधोमध सरकवला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी गठ्ठा न सोडताच वर सही ठोकली. छापखान्यानं टिंबं पाळली.

प्रकाशन चिरंजीवांच्याच हस्ते झालं. अध्यक्ष ग्रंथावर चाळीस मिनिटं बोलले. पान दोनशे बारावर चिरंजीवांच्या वडिलांचं नाव आहे, ती तारीख आहे आणि नऊही जण आहेत. आता वादळ येणार म्हणून वहिनी तयारीत बसल्या. काय काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

मित्रांनो, माझ्यात खुशाल काहीही टाका. तक्रार करणं हा माझा धर्म नाही. फक्त टाकण्याआधी एकदा वाचत जा. आणि जे टाकत नाही, तेही वाचत जा.

ग्रंथ निघून सहा वर्षं झाली. अजून कुणीही विचारायला आलेलं नाही.