मधल्या वाडीचा पट

काशीराम गुरुजींच्या शाळेचा पट एकोणतीस आणि पऱ्ह्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापल्याडच्या, आप्पा गुरुजींचा चौसष्ट. त्यापायी गुरुजींची झोप उडाली होती असं कुणी सांगितलं तर ते खोटं. झोप उत्तम लागे, फक्त स्वप्नात आप्पांचं हजेरीपत्रक येई.

लांज्यापासून आत, जिथं एसटी वळून परत जाते, तिथल्या या शाळा. बाप्यामाणूस बघायचा तर शिमग्यात नाहीतर गणपतीत. एरवी सगळे मुंबईला. 'वडिलांचा धंदा' या रकान्यात गुरुजी एकोणतीस वेळा 'मुंबई' लिहीत, आणि आप्पांना तोच शब्द चौसष्ट वेळा लिहायला मिळतो म्हणून जळत.

त्यात शहाऐंशीच्या दिवाळीनंतर, मोठा पट म्हणून, आप्पांच्या शाळेला सरकारी टीव्ही आला. दोन झडपांची लाकडी पेटी, तिला कुलूप, किल्ली आप्पांच्या गळ्यात. अँटेना बांधली ती इतक्या उंच पोफळीवर, की पार तिकडे हमरस्त्यावरच्या हातखंब्याचे हॉटेलवाले गिऱ्हाइकांना म्हणत, "ती बघा आप्पांची शाळा!" हे काशीराम गुरुजींना आपल्या ओटीवर बसून स्वच्छ ऐकू येई.

"गुरुजी, तिथं काल हत्ती दाखवला," वर्गातली चिमा म्हणाली.

"पुस्तकात नाही हत्ती?"

"पुस्तकातला कान हलवत नाय."

घरी आल्यावर सावित्रीबाईंनी नाकाला पदर लावला. "अहो, काहीतरी करपल्यागत वास येतोय."

"चुलीवर बघ."

"चूल थंड आहे. तुमच्याकडनंच येतोय."

माघात तीन दिवस दाट धुकं पडलं. दोन्ही शाळांच्या मधोमध मधली वाडी आहे, तिथला काजूचा मोहोर काळा पडला. या वाडीची पस्तीस पोरं आप्पांकडे जात. गुरुजी वाटेनं चालले होते, तर त्या वाडीतली राही झाडाखाली कपाळाला हात लावून बसलेली.

"गुरुजी, काय झालं वो मोहोराला?"

'धुकं' हा शब्द गुरुजींच्या ओठांपर्यंत आला होता. पण तेवढ्यात त्यांना पोफळीवरची अँटेना दिसली, आणि तोंडातून निघालं, "किरणं!"

"कसली किरणं?"

"आप्पांच्या पेटीची. चित्रं मुंबईहून हवेतून येतात ना, ती वाटेत काजूला घासतात."

"ती आमच्याच वाडीवरनं येतात?"

"तुझ्या घोवाचं पत्र कुठनं येतं?"

"मुंबईसनं."

"मग!"

राही पदर खोचून उठली. दिवेलागणीच्या आत सगळ्या वाडीला कळलं. "बघायला पोरंच नसली तर आप्पा पेटी लावील कुणासाठी?" राहीनं बायकांना विचारलं, आणि जूनमध्ये पस्तीसच्या पस्तीस पोरं पऱ्ह्या न ओलांडता काशीराम गुरुजींच्या शाळेत येऊन बसली. आता इथं चौसष्ट, तिथं एकोणतीस. गुरुजी हजेरी इतक्या मोठ्यानं घेऊ लागले की पलीकडची पोरं चुकून 'हजर' म्हणत.

श्रावणात वरून कागद आला. गुरुजींनी तो सावित्रीबाईंना ओटीवर उभं राहून वाचून दाखवला. "पटसंख्या वाढल्याने टीव्ही संच आपल्या शाळेस देण्यात येत आहे!" मग पान उलटलं आणि आवाज खाली आला. "तसेच साठावर पट झाल्याने मुख्याध्यापकाचे पद मंजूर असून, सेवाज्येष्ठतेनुसार त्या जागी..."

"कोण?"

"आप्पा."

सोमवारी केरूच्या बैलगाडीतून पेटी आली. पेटीशेजारी आप्पा बसले होते, गळ्यात किल्ली. अंगणात राही आणि मधल्या वाडीच्या बाया कोयत्या घेऊन उभ्या.

"ही पेटी हितं लावलात तर पोरं आत्ता घरी नेतो आमी," राही म्हणाली. "काशीराम गुरुजींनीच सांगितलाय, मोहोर करपतो. सांगा ना गुरुजी!"

गुरुजी मनात हिशोब करू लागले. खोटं बोललो म्हणावं, तर उद्यापासून वाडीत कोण विचारणार? खरं म्हणावं, तर पस्तीस पोरं आत्ता जातात.

आप्पांनी चष्मा धोतराला पुसला. "काशीराम म्हणतो ते बरोबर आहे, राहीबाय. किरणं असतातच. पण अँटेना बांबूवर बांधली आणि तो बांबू माणसानं धरून ठेवला ना, की ती त्याच्यातनं जमिनीत उतरतात. काजूला काही होत नाही."

"मंग धरायचा कोणी?"

"किरणांतलं ज्याला कळतं त्यानं. का रे काशीराम, खरं ना?"

सगळ्या बाया गुरुजींकडे बघत होत्या.

"खरं," गुरुजी म्हणाले.

तेव्हापासून रोज टीव्हीच्या वेळेला काशीराम गुरुजी अंगणात बांबूला मिठी मारून उभे असत. बांबूला झोप येई, पण गुरुजींना परवानगी नव्हती. मधल्या वाडीची एक बाई पाळीनं अंगणाच्या दगडी गडग्यावर पाहऱ्याला बसे. आत काय चाललंय ते दिसावं म्हणून गुरुजींनी एकदा हळूच मान खिडकीकडे वळवली.

"काशीराम, हलू नको!" आतून आप्पा ओरडले. "चित्र जातंय!"

गुरुजींनी बांबू घट्ट धरला. आत चौसष्ट पोरं एकदम खिदळली, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं आप्पा हसले.