तिघांची लेन

आम्ही चौघं चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात कामाला: मी, माझा मावसभाऊ, पॅकिंगमधल्या ताई आणि काचा घासणारा 'निघालोच'. फोन केला की तो "निघालोच" म्हणायचा आणि दहा मिनिटांनी शर्टाची बटणं लावत उगवायचा. पेट्रोल वाचावं म्हणून आम्ही आळीपाळीने एकच गाडी काढायचो. गाडीत तिघं असले की हायवेवरची राखीव लेन मिळते, बाकीच्या गाड्या शेजारच्या रांगेत ताटकळत बसतात. तिघांत भागतं, मग चौथ्यासाठी रोज का थांबायचं, हे आधी माझ्याच डोक्यात आलं.

शुक्रवारी मीच त्याला सांगितलं, "आता ज्याने त्याने आपापल्या गाडीने यायचं ठरलंय."

"बरं," तो म्हणाला. "इतके दिवस थांबलात माझ्यासाठी."

मला कसंतरी झालं. पण सोमवारी वेळेवर पोचले आणि विसरले.

गुरुवारी ताई गाडी चालवत होत्या, मी शेजारी. बाजूच्या तुंबलेल्या रांगेत तो दिसला, एकटाच. मागे बसलेला मावसभाऊ चटकन सीटखाली वाकला. मला कुठे तोंड लपवू असं झालं. निघालोचने मला बघितलं आणि हात केला.

लगेच फोन आला. घाबरून मी तो स्पीकरवर घेतला.

"ताईंच्या गाडीत दिसलीस. तुझी बंद पडली वाटतं?"

"हो," मी म्हणाले. आणखी काय म्हणणार होते?

"अगं, पण दोघीच त्या लेनमध्ये? पकडतात तिथे. उद्या मी घ्यायला येतो तुला. ताईंनाही घेऊ, म्हणजे तिघं होऊ. उशीर नाही करणार, खरंच."

मावसभाऊ कारखाना येईपर्यंत सीटखालून वर आला नाही. माझी मला इतकी लाज वाटली की दिवसभर त्याच्या टेबलाकडे फिरकले नाही.

दुसऱ्या दिवशी तो दहा मिनिटं आधीच दारात हजर, सगळी बटणं लावून. माझी गाडी तिथेच उभी होती. तासाभरापूर्वी मी तिच्यातूनच दूध आणलं होतं, इंजिन अजून कोमट असणार, आणि हे मला त्याला बघितल्यावर आठवलं.

मी कुलूप लावेपर्यंत तो माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. मग त्याने हात उचलून तळव्याकडे पाहिलं.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याने आपल्या गाडीचं दार माझ्यासाठी उघडलं.

"बस," तो म्हणाला. "आज वेळेत आहोत."