तळटिपेतलं नाव

तेजस्विनीचा फोन आला तेव्हा नासिर दुकानात चष्म्याची दांडी बसवत होता. "काका, मॅडमच्या पुस्तकाबद्दल बोलायचं होतं. विभागात येता का?" एवढंच ती म्हणाली. आवाजावरून बातमी बरी वाटत नव्हती.

नासिरची बायको अफशीन विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायची. जन्मभरात तिने एकच पुस्तक लिहिलं, मंडईत भाजी विकणाऱ्या बायकांवर. रमजानच्या तोंडावर ती गेली. तेजस्विनी तिची विद्यार्थिनी, आता विभागप्रमुख.

"एम.ए.च्या वाचनयादीतून पुस्तकं कमी करायची आहेत," नासिर विभागात पोचल्यावर तेजस्विनी म्हणाली. "कुठलं पुस्तक इतरांनी किती वेळा संदर्भाला घेतलं, ते समिती मोजते. मॅडमच्या पुस्तकाचे संदर्भ भरले चार."

"चार? अगं, घरी पोरांची रीघ लागायची. सगळे त्याच पुस्तकातून लिहायचे ना?"

"लिहायचे. मीसुद्धा." तिने स्वतःचा प्रबंध उघडून त्याच्यापुढे सरकवला. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: 'मुक्ताबाई, भाजीविक्रेत्या, मंडई, यांचे म्हणणे.' पुढच्या पानावरही तेच. अफशीनचं नाव कुठे नव्हतं.

"मॅडमची शिस्त होती काका. जिचं वाक्य, तिचं नाव. आम्ही पुस्तकातून वाक्य उचलायचो आणि खाली बाईचं नाव घालायचो. पुस्तकाचं नाव लिहायचं कुणाला सुचलं नाही. मॅडमनी कधी टोकलंही नाही."

नासिरला हसू आलं. अफशीनच ती. स्वतःच्या वाढदिवसाचा केकसुद्धा शेजारच्या पोरांच्या नावाने कापायची.

"उपाय आहे," तेजस्विनी म्हणाली. "जुने प्रबंध आता संगणकावर चढताहेत. या टिपांत दुरुस्ती करून मॅडमचं आणि पुस्तकाचं नाव घालता येईल. वारस म्हणून तुमची सही लागेल. मग यादीत मॅडमचं पुस्तक सगळ्यांच्या वर येईल बघा."

"दोन्ही नावं घाल की."

"रकाना एकच आहे. तोंडी माहिती, नाहीतर ग्रंथ. ग्रंथ घातला की मुक्ताबाईंचं नाव जाणार. सोमवारी बैठक आहे, काका."

सहीचा कागद खिशात घालून नासिर निघाला. सही करायचीच होती. पण घरी जायच्या आधी तो मंडईत वळला. दुसऱ्याचं नाव पुसायचं तर त्याला सांगून पुसावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मुक्ताबाई गाळ्यावर होत्या. लोणी काळभोरहून लग्न करून आल्या, तेव्हापासून त्याच जागी.

"या भाऊ. बाई गेल्यापास्नं फिरकला न्हाईत. मेथी ताजी हाय."

नासिरने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मुक्ताबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"माझं नाव? पुस्तकात छापलंय?"

"पोरांच्या मोठमोठ्या प्रबंधांत."

"काय म्हनून?"

नासिरने मघाशी वाचलेलं आठवून सांगितलं, "वजनात दांडी मारणारीला गिऱ्हाईक विसरतं, उलट बोलणारीला विसरत नाही."

"हे मीच बोलले व्हते," मुक्ताबाई म्हणाल्या. "इथंच. बाई त्या टोपलीवर बसल्या व्हत्या. माझं भांडण झालं व्हतं त्या दिवशी." गिऱ्हाइकाने भाव विचारला, त्याला "थांबा की जरा" म्हणून बाजूला केलं.

"भाऊ, राग मानू नका. बाईंचं नाव त्या पुस्तकावर हाय. माझं कशावर हाय? राशनकार्डावरसुदिक मालकाचंच वर. ऱ्हाऊ द्या ते माझं."

"पुस्तक शिकवायचं बंद होईल, मुक्ताबाई."

"व्हईल," त्या म्हणाल्या. "पर बाईंनीच घातलंय न्हवं ते नाव? मग तुमी का काढता?"

नासिरने तिथूनच फोन लावला.

"तेजस्विनी, मी सही करत नाही."

"काका, पुस्तक जाईल. समितीपुढे माझं काही चालणार नाही."

"कळलं मला. मॅडमनी तुला चुकीचं शिकवलं असं वाटतं का?"

"नाही हो काका," म्हणताना तिचा आवाज भरून आला.

"मग राहू दे तसंच."

फोन खिशात ठेवला आणि नासिरला रडू फुटलं. दफनाच्या दिवशी आलं नव्हतं, ते भर बाजारात, कोबीच्या ढिगापुढे आलं. येणारेजाणारे वळून बघू लागले.

"अवो, आत या," मुक्ताबाई दटावून म्हणाल्या. "रस्त्यात काय उभं ऱ्हायलात? लोकं म्हनतील, म्हातारीनं भाव लई सांगितला." त्यांनी बटाट्याचं पोतं पुढे ओढलं आणि त्याला त्यावर बसवलं. मग गिऱ्हाइकाकडे वळल्या आणि आपल्या पदराआड नासिरला बसू दिलं, त्याचं रडून होईपर्यंत.