पूजेतली घोडी

मी घोडी बोलतेय. लगाम-खोगीर शोधत बसू नका. मला तीन पाय आहेत आणि जन्मात मी एक पाऊल चाललेली नाही. गॅरेजात जॅकने गाडी उचलली की ती पुन्हा खाली येऊ नये म्हणून तिच्या पोटाखाली जी लोखंडी टेकण लावतात, ती मी. जॅक उचलतो, मी धरते. पण मान सगळा जॅकला, कारण तो हलतो. नुसतं उभं राहणाऱ्याकडे माणसं कशाला बघतील?

आधीच कबूल करते, मला वाढवून बोलायची खोड आहे. पाण्याने भरलेला टँकर मी गणपतीचे दहाही दिवस डोक्यावर धरला आणि अनंत चतुर्दशीला त्यात मासे निघाले, असं मी पेटीतल्या पान्यांना सांगत आले. एका लग्नाची गाडी नवरी, करवल्या आणि रुखवतासकट तोलली, कोणाच्या शालूची घडी मोडली नाही, असंही सांगितलं. गिरणीची चिमणी पाडली तेव्हा तिच्या लोखंडातून माझा जन्म झाला, असं तर मी वर्षानुवर्षं सांगायची. चिमणी विटांची असते हे मला फार उशिरा कळलं.

खरी गोष्ट साधी आहे. धोंडू तोरसकर गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी भोईवाड्यातल्या आपल्या चाळीमागच्या बोळात पत्र्याची शेड टाकून गाड्या दुरुस्त करायला सुरुवात केली. भंगारातले अँगल कापून, जोडून त्यांनी दोन घोड्या केल्या. एक मी, एक माझी जुळी बहीण. उंची कमीजास्त करायला आमच्या मानेत भोकं पाडली, त्यात एकेक जाड खिट्टी घातली. झालं आमचं बारसं.

धोंडूबाबांनी आपल्या मुलाला, जगदीशला, हाताखाली घेतलं तेव्हा दोन गोष्टी बजावल्या. पहिली आमच्याबद्दल होती. "गाडी जॅकवर उचल, पण घोडीवर ठेव. जॅकच्या जिवावर खाली गेलंस तर मी तुका घरात घेवचंय नाय." दुसरी खंडेनवमीबद्दल. गिरणीत त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची, ती सवय बाबांनी शेडमध्ये आणली. हत्यारं एकदा हळदकुंकू लावून पाटावर बसली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. "वर्षभर राबतत ती आपल्यासाठी. एक दिस त्यांका बसाक दी."

बाबा गेले. जगदीशने दोन्ही शब्द पाळले, तीस वर्षं.

मागच्या जूनमध्ये त्याने एकट्याने गिअरबॉक्स उचलला आणि तिथेच गुडघ्यांवर बसला. कमरेतली गादी सरकली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने वाकायचं नाही, कंबर वळवायची नाही, वजन उचलायचं नाही. हे सहा महिने सांभाळलेत तर पुन्हा गाडीखाली जाल. नाही सांभाळलेत तर पाय गमवाल. इतकं सोपं गणित होतं. एका पारड्यात सहा महिने, दुसऱ्या पारड्यात दोन पाय.

शेड बंद ठेवायची नाही असं त्याच्या बायकोने, लतिकाने ठरवलं. तोवर तिने गाडीचं बॉनेट फक्त पापड वाळत घालायला वापरलं होतं. पण बाई जिद्दीची. तिने जमिनीवरच्या पेटीतले सगळे पाने काढून इस्त्रीच्या जुन्या टेबलावर मांडले, म्हणजे नवऱ्याला वाकायला नको. त्याला उंच स्टूल दिलं, कमरेला पट्टा बांधला. दर अर्ध्या तासाने त्याने उठून बोळाच्या तोंडापर्यंत चालून यायचं. चाक उचलायचं नाही, ती ते पोत्यावर आडवं टाकून ओढत नेणार. आणि गाडीखाली जायचं ते फक्त तिने, तेही आम्ही दोघी बहिणी नीट बसलोय हे गाडीला धक्का देऊन बघितल्यावर.

तिचे पाय गाडीखालून बाहेर आणि हा वर स्टुलावर. दिवसभर हेच ऐकायचं.

"चौदाचा लाव म्हटलं. हा बाराचा आहे."

"चष्मा खोलीत राहिलाय माझा. तुम्ही नुसते बसलाय ना, मग वाचून द्या."

"अगो, बोल्ट उलटा फिरवतेस."

"संसार पण उलटाच फिरवला मी. निसटला का?"

यावर तो हसायचा, पण कंबर हलू नये म्हणून हसूसुद्धा बेतानं. मग ती दिसेनाशी झाली की स्वतःच्या हातांकडे बघत राहायचा. नखांतलं काळं ग्रीस निघून गेलं होतं. गोरी नखं बघून माणूस इतका उदास होऊ शकतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. स्टुलाशेजारच्या कॅलेंडरवर तो रोज एक खूण करायचा. जून संपला, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. लतिकाने सकाळी आम्हांला घासलं, पुसलं, पाटावर बसवलं. जॅक, पाने, हातोडी, सगळी मंडळी रांगेत. माझ्या कपाळावर हळदकुंकू, डोक्यावर झेंडू. काय सांगू, मी फुगले. मी बहिणीला म्हटलंसुद्धा, आज आपण देव आहोत, आज आपल्याला काम नाही.

दुपारी चारला लतिका आपट्याची पानं आणि फुलं आणायला दादरच्या फूलबाजारात गेली. ती कोपऱ्यावरून वळली न वळली तोच राजेशची टॅक्सी बोळात शिरली. राजेश चाळीतलाच, जगदीशचा शाळेपासूनचा दोस्त.

"जग्या, सायलेन्सर लोंबतोय रे. उद्या सकाळी सहाला शिर्डीचं भाडं आहे, फॅमिली आहे. दोन बोल्टचं काम. मी जातो खाली, तू नुसतं वरून सांग."

राजेश आडवा झाला. त्याचं पोट बंपरलाच अडलं. श्वास सोडून बघितला, कूस बदलून बघितली, मग शर्ट झटकत उठला.

"वहिनी कधी येतील?"

"दादरला आज गर्दी असेल. सातशिवाय नाय." जगदीश स्टुलावरून उतरला. "दोनच बोल्ट ना? मी करतो."

"अरे, तुझं ऑपरेशन…"

"चार महिने झाले. आणि झोपूनच करायचंय ना? डॉक्टर पण झोपायलाच सांगतात."

"बरं, मग घोड्या लाव."

जगदीशने आमच्याकडे बघितलं. "पूजेत हायत."

"दोन मिनिटं काढ ना. पूजा काय पळून जाते का?"

"बाबांनी कधी काढली नाय, राज्या."

बापाचे दोन शब्द त्या दुपारी एकमेकांसमोर उभे राहिले आणि पोराने त्यातला चुकीचा निवडला. म्हणजे दुसरा मोडतोय असं त्याला वाटलंच नाही. त्याने तोड काढली. राजेशच्या डिकीतला जॅक पूजेतला नव्हता. राजेशचे पाने पूजेतले नव्हते. बोळाच्या तोंडाशी फुटपाथचं काम चाललं होतं, तिथले पेव्हर ब्लॉक पूजेतले नव्हते. राजेशने ते उचलून आणले आणि गाडीखाली दोन्ही बाजूंना थर लावून रचले. जगदीशने स्वतः एकही उचलला नाही. वजन उचलायचं नव्हतं ना.

खाली जाण्याआधी तो पाटापाशी आला. वाकायचं नाही म्हणून उभ्यानेच हात जोडले. पट्टा घट्ट केला. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे आधी बसला, मग कुशीवर झाला, मग कंबर न मुरडता सबंध अंग एकदम फिरवून पाठीवर गेला. असा शहाण्यासारखा गाडीखाली गेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याने सगळं सांभाळलं. फक्त आम्ही पाटावर होतो.

पहिला बोल्ट बसला. दुसऱ्याला जोर दिला आणि ब्लॉक फुटला. सुपारी फुटावी तेवढाच आवाज. जॅक कलंडला. जगदीशच्या कानाला जॅक सुटल्याचा आवाज तीस वर्षं ओळखीचा, त्याने विचार न करता अंगाला पीळ देऊन स्वतःला बाहेर फेकलं. गाडी खाली बसली ती रिकाम्या जागेवर. त्याला तिचा स्पर्शसुद्धा झाला नाही.

"वाचलास," राजेश म्हणत होता. "जग्या, वाचलास रे, वाचलास."

जगदीश आभाळाकडे तोंड करून पडला होता. थोड्या वेळाने अगदी शांतपणे म्हणाला, "राज्या, माझ्या पायांवरून ऊठ."

"मी इथे आहे रे. तुझ्या डोक्याशी."

पान्यांना मी पुढे वेगळंच सांगायला बघितलं. ब्लॉक फुटताच मी पाटावरून उडी मारली, तीन पायांनी धावले, गाडी डोक्यावर झेलली. सांगायला सुरुवात केली आणि गप्प झाले. मी जागची हलले नाही. डोक्यावर फूल घेऊन बसून राहिले, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

दुसरं ऑपरेशन झालं. डावा पाय थोडासा परत आला. उजवा आलाच नाही. आता येणारही नाही, असं डॉक्टरांनी लतिकाला बाहेर नेऊन सांगितलं आणि तिने आत येऊन नवऱ्याला सांगितलं, वेळ लागेल म्हणाले.

चाळ भेटायला येत राहिली. गाडी पडली पण अंगावर आली नाही, याचं सगळ्यांना नवल. कोणीतरी म्हणालं, पूजा मोडली नाही म्हणून घोडीनेच राखलं. लतिकाने ते धरलं. शेड गेली, पाने आणि जॅक विकले. माझी बहीण काळाचौकीच्या एका गॅरेजात गेली. नशीबवान बाई. तिच्या डोक्यावर निदान गाडी असते. मला मात्र लतिकाने वर खोलीत आणलं आणि देव्हाऱ्याशेजारी पाटावर बसवलं. रोज सकाळी हळदकुंकू, रोज एक फूल. समोर जगदीशची खाट. मी त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे. आम्हां दोघांनाच ठाऊक आहे, त्या पाटावर काय बसलंय ते.

मला वाटायचं, दोघांनाच. परवा फूल वाहता वाहता लतिकाचा हात थांबला. माझ्याकडेच बघत ती म्हणाली, "अहो, मी त्या दिवशी या घोड्यांना पाटावर बसवलं नसतं तर?"

तिने माझ्या कपाळावरचं कुंकू बोटाने सारखं केलं.

"सकाळी घाई होती," ती म्हणाली. "मी जमिनीवरच कुंकू लावणार होते. मग म्हटलं, नको, तुमचे बाबा पाटावर बसवायचे."

"काय बोलतेस," जगदीश म्हणाला. "घोडीनंच तर राखलं."

"खरं ना?"

"खरं तर काय. गाडी अशी माझ्याकडे येत होती. मी बघितलं ना. कोणीतरी मधेच धरली आणि बाजूला ठेवली."

ती डोळे पुसून चहा ठेवायला गेली. मी जन्मभर थापा मारल्या, पण एवढी मोठी मला कधी जमली नाही. आणि त्याच थापेवर ती बाई उभी आहे. म्हणून मला इथून उतरवा असंही आता म्हणवत नाही. मी उतरले तर ती कशाला टेकणार?

तेव्हा माझं राहू द्या. तुमच्या गल्लीत कोणी गाडीखाली जाणारं असेल तर त्याला माझा एवढा निरोप सांगा. खंडेनवमी असो, ग्रहण असो, बापाची आण असो, घोडीला पाटावरून उचल आणि गाडीखाली लाव. आम्हांला राग येत नाही. कधीच आला नसता.