विचारलं असतं तर

“अजून किती काढायलीस गं?” रक्ताची चौथी नळी भरताना पाहून सरजाबाईंनी विचारलं.

“झालंच, मावशी,” लॅबमधली अर्पिता म्हणाली.

सरजाबाई चुडाव्याच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. नवऱ्यानं टाकल्यावर त्या माहेरी आल्या आणि आईमागे धाकट्या भावाला, बालाजीला, त्यांनीच वाढवलं. तो परभणीत नोकरीला लागला, संसारात रमला आणि पुढं दिवाळीलाही फिरकेनासा झाला. काल मात्र दारात उभा! “अक्का, वय झालं तुझं. एकदा सगळ्या तपासण्या करून घेऊ,” म्हणाला. सरजाबाईंना रडूच कोसळलं. कुणाला तरी आपली काळजी आहे म्हणायची!

अर्पितानं सुई काढून कापूस दाबला. “भावाला किडनी द्यायची म्हंजे लय मोठं मन लागतं, मावशी.”

“कोन द्यायलंय?”

अर्पिताचा चेहरा उतरला. “भाऊ तर म्हणले, तुमाला सगळं सांगितलंय...”

सरजाबाई तशाच बाहेर आल्या. बालाजी बाकावर बसला होता. त्याचे पाय सुजून चपलेबाहेर आले होते. सकाळपासून आपण ते पाहिलेच नव्हते.

“कधीपासून हाय हे?”

बालाजीनं मान खाली घातली. “सहा महिने झाले. बायकोचं रक्त जुळत न्हाई, अक्का. दुसरं कुणी न्हाई.”

“मग मला का न्हाई सांगितलास?”

“आधी जुळतंय का बघावं म्हणलं. मग सांगणारच होतो. आधीच सांगितलं अन् तू न्हाई म्हणली असतीस तर?”

गोवरात तापानं फणफणलेलं हे पोर मांडीवर घेऊन सरजाबाईंनी रात्री काढल्या होत्या. आणि आज याला आपलीच खात्री नव्हती.

“मागितलं असतंस तर दोन्ही दिल्या असत्या रे,” त्या एवढंच बोलल्या.

तो त्यांचा हात धरायला उठला. त्यांनी हात मागं घेतला.

आतून अर्पिता दबकत दारात आली. तिच्या हातात लघवीच्या नमुन्याची रिकामी डबी होती. “मावशी, हे राहिलं होतं... नको असंल तर राहू द्या.”

“आण इकडं,” सरजाबाई म्हणाल्या. “अन् आता जे विचारायचं, ते मला विचार. ह्याला न्हाई.”

पदर सारखा करून, डबी घेऊन त्या आत गेल्या. दार त्यांनी आतून लावून घेतलं.